पोपटी गाडीचा सौदा

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले आणि घरातल्यांनी ती बातमी फारशी बाहेर जाऊ दिली नाही. आमचे हे सरकारी कचेरीत मोठे कारकून. त्यांना गाडी येत नाही. बायकोला येते आणि आपल्याला येत नाही, याची त्यांना लाज वाटत नव्हती, पण चारचौघांत सांगावं असंही काही त्यात त्यांना दिसत नव्हतं.

मी खुलताबादच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. राहायला आम्ही उस्मानपुऱ्यात. चौदा वर्षं मी काळीपिवळी जीपनं गेले-आले. शिक्षिका म्हणून मला पुढची सीट मिळायची. पण पुढच्या सीटवर आम्ही चौघं असायचो आणि गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला टेकलेला असायचा. घाटात गिअर बदलायचा झाला की ड्रायव्हर "मॅडम, जरा" म्हणायचा आणि मी पाय आवरून घ्यायची. वर्षभरात असं झालं की तो म्हणायच्या आधीच माझे पाय सरकायला लागले. इंजिनाचा आवाज जड झाला की आता दुसरा पडणार, हे मला कळायचं. कधीकधी त्याच्याआधी कळायचं. तेव्हाच वाटलं होतं की हे आपल्याला जमेल.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "बायका गाडी सावकाश चालवतेत. लई चांगलं असतंय." तिसऱ्या दिवसापासून जालना रोडवर ते माझ्या शेजारी बसून "सावकाश, मॅडम, सावकाश" एवढंच म्हणत राहिले.

मग गाडी घ्यायचं ठरलं. तीन लाखांच्या आत, म्हणजे अर्थातच जुनी. यांची अट एकच होती, गाडी भरवशाची पाहिजे.

मी म्हणाले, "भरवशाची तर पाहिजेच. पण चालवायला जरा मजाही आली पाहिजे."

यांनी पेपर खाली ठेवला. "मजा? गाडी आहे का आकाशपाळणा आहे?"

मला ते समजावून सांगता येईना. घाटातल्या वळणावर दुसरा गिअर बरोबर वेळेला पडला की जे वाटतं, ते नवऱ्याला कसं सांगायचं? मी म्हणाले, "जाऊ द्या. भरवशाची तर भरवशाची."

पुढचे तीन महिने यांनी मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर माणूस जसा एकदम कोलेस्टेरॉलवर बोलायला लागतो, तसे हे सस्पेन्शनवर बोलायला लागले. सोसायटीत कुणाची गाडी खड्ड्यातून गेली की गॅलरीतून म्हणायचे, "गेलं सस्पेन्शन."

शाळेतही सल्ल्यांना तोटा नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "पांढरीच घ्या. विकताना भाव येतो." अजून घेतली नव्हती, आणि ती विकताना काय येईल याची काळजी सुरू झाली होती. एका सरांनी डिझेलची घेऊ नका म्हणून बजावलं, दुसऱ्यांनी पेट्रोलची. सगळ्यात वजन होतं ते विज्ञानाच्या सरांच्या शब्दाला. त्यांच्याकडं चार वर्षांपासून गाडी होती आणि तिला कधी म्हणजे कधी काही झालेलं नव्हतं. ती कधी कुठं गेलेलीही नव्हती. दारात कव्हर घालून उभी असायची, आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. स्वतः सर रोज काळीपिवळीनं यायचे, माझ्या मागच्या सीटवर बसून. तिथून ते मला गाडी कशी निवडावी ते सांगायचे.

आम्ही रविवारी रविवारी गाड्या बघायला लागलो. शहराबाहेर मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, वर रंगीत पताका आणि खाली धुऊन पुसून चकचकीत केलेल्या गाड्या. पहिल्याच ठिकाणी मालक पुढं आला आणि यांच्याशी हात मिळवून म्हणाला, "आओ सर. मॅडमच्या बाजारहाटासाठी पाहिजे ना? डॉक्टरकी गाडी है. फक्त रविवारी काढायचे. एकदम मख्खन."

हे मान डोलावत राहिले. त्यानं किल्ली यांच्या हातात दिली. यांनी ती क्षणभर हातात धरली, तिच्याकडं बघितलं आणि मला दिली. मालकानं माझ्याकडं बघितलं, मग परत यांच्याकडं बघून विचारलं, "सरला टाइम नाही का चालवायला?"

"डोळ्यांचा त्रास आहे," हे म्हणाले. मी किल्ली लावली.

दुसऱ्या शेडमधली गाडीही डॉक्टरांचीच निघाली. तिसऱ्या शेडमधल्या तीनपैकी दोन डॉक्टरांच्या आणि एक डॉक्टरांच्या मेव्हण्याची. आपल्या शहरात डॉक्टर मंडळी दर दीड वर्षानं गाडी विकून पायी दवाखान्यात जातात, असं वाटायला लागलं. एका डॉक्टरांच्या गाडीत मागच्या सीटखाली कांद्याची वाळलेली साल निघाली. मालक म्हणाला, "डॉक्टरसाबकी खेती भी है."

यांच्या ऑफिसातले एक तज्ज्ञ मित्र दोन रविवार बरोबर आले. ते बॉनेट उघडून इंजिनाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि बराच वेळ तसेच थांबायचे. मग कचोरी खाताना निकाल द्यायचे. "गाडी बोलतीय, पण मनापासून नाही." दुसऱ्या रविवारी त्यांनी जिच्या इंजिनाला कान लावला, ते इंजिन चालू करायला आम्ही विसरलो होतो. त्या गाडीबद्दल त्यांचं मत सगळ्यात चांगलं पडलं.

याच सुमाराला आबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आले. आमचं गाव पैठणच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. आबांनी सगळं आयुष्य मेंढरांमागं काढलं. आता मेंढरं भाऊ बघतो. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आबांना मोठा काळा चष्मा दिला. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला लाल फेटा आणि त्यावर तो काळा चष्मा. घरात बसून कंटाळले म्हणून चौथ्या रविवारी आम्ही त्यांनाही बरोबर घेतलं.

शेडच्या दारात रिक्षातून आबा उतरले आणि सगळं वातावरणच बदललं. मालक स्वतः खुर्ची घेऊन पळत आला. थंड पाण्याची बाटली आली. आबांना तो कुठल्या तरी पक्षाचा जिल्ह्याचा माणूस समजला असावा. त्यानं आम्हा दोघांकडं पाठ केली आणि आबांना विचारलं, "साहेब, बजेट काय ठेवायचं?"

आबा म्हणाले, "ते पोरीला इचारा. गाडी ती हाकनार हाय."

मालकानं ते विनोद म्हणून घेतलं आणि मनापासून हसला. मग एका पांढऱ्या गाडीजवळ नेऊन म्हणाला, "ही खास तुमच्यासाठी. मीटर बघा, अठ्ठावीस हजार. गाडी चाललीच नाही. डॉक्टर होते."

गाडी खरंच देखणी होती. आतून अत्तराचा वास येत होता. मी चालवून बघितली. काही तक्रार करण्यासारखं नव्हतं आणि काही आठवण्यासारखंही नव्हतं. यांचा चेहरा मात्र खुलला. "बघ," ते म्हणाले, "पांढरी आहे, सस्पेन्शन आहे, अजून काय पाहिजे?" विसार द्यायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

एवढ्यात आबा गाडीचं दार उघडून खाली वाकले. त्यांना काही सापडत नाहीये असं वाटून मालक बॅटरी घेऊन आला. आबांनी चष्मा वर केला आणि बोटानं पायातली पेडलं चाचपली. मग मला म्हणाले, "हिकडं ये. हे रबर बघ."

मी बघितलं. ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. एका कोपऱ्यात तर रबर फाटून आतलं लोखंड दिसत होतं. क्लचचंही तसंच.

आबांनी मालकाला विचारलं, "डॉक्टर ऐतवारीच काढायचे म्हनता ना?"

"हौ साहेब."

"मंग लईच रेटून चालवत असतील."

मालक म्हणाला, "रबर तर कंपनीचाच हलका येतो, साहेब." पण त्याच्या आवाजातलं लोणी उतरलं होतं. यांनी खिशातलं पाकीट हळूच परत आत ढकललं.

परतीच्या रिक्षात मी आबांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"गाडीतलं मला काय कळतंय," आबा म्हणाले. "बाजारात मेंढरू घ्यायचं तर लोक दात बघतेत. इकनाऱ्यालाबी ते ठावं असतं. त्यो दात घासून आनतो, लोकर धुऊन आनतो. खुर कुनी घासत नाय."

उस्मानपुऱ्याच्या चौकात आल्यावर हे म्हणाले, "पेडलचं त्या व्हिडिओत कुणीच सांगितलं नव्हतं."

शेवटी जी गाडी मिळाली तिचा पत्ता सांगितला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्यांना कुणी सल्ला विचारलाच नव्हता. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "बाई, त्या खुलताबादच्या सिस्टर हायेत ना, त्यांनी गाडी काढलीया इकायला. दोन महिने झाले, कुनी घेईना."

"का घेईना?"

"रंग," मावशी म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांना त्यांनी लशी टोचलेल्या होत्या, त्यामुळं अर्धा तालुका अजून त्यांना बघून दंड झाकायचा. आम्ही रविवारी एसटीनं खुलताबादला गेलो, आबांना घेऊन. वेशीतून आत, दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. दारात गाडी उभी होती.

ती पोपटी होती. हिरवी म्हणावी तर हिरवी नाही, पिवळी म्हणावी तर पिवळी नाही. कोवळ्या हरभऱ्यावर बल्ब लावावा तशी. हे फाटकातच थांबले.

सिस्टर बाहेर आल्या. सत्तरीच्या असतील, डोक्यावर पांढरी ओढणी. त्यांनी आम्हा तिघांकडं बघितलं आणि विचारलं, "चालवणार कोण?"

"मी," मी म्हणाले.

"मग तुम्ही इकडं या, टीचर. बाकीच्यांनी सावलीत बसा."

गाड्या बघायला लागल्यापासून पहिलं वाक्य कुणी माझ्याशी बोललं, ते इथंच. सिस्टर गाडीभोवती फिरत एकेक सांगायला लागल्या. "सकाळी थंडीत दुसरा गिअर अडतो. शिवी द्यायची नाही, थोडं थांबायचं. मागची डावी काच खाली गेली तर वर हातानं ओढायची. एसी त्याच्या मर्जीनं चालतो. हा ओरखडा शाळेच्या भिंतीचा, हा बैलगाडीचा, हा माझ्या जावयाचा. इंजिन मात्र एकदम खरं आहे. एवढी वर्षं लशीचे डबे घेऊन हिच्यात फिरले, कधी रस्त्यात सोडलं नाही. खोटं बोलून मला या वयात कुठं जायचंय."

हे वहीत उतरवून घेत होते. बिघाडांची यादी लांबत गेली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला मात्र पहिल्यांदाच विश्वास वाटायला लागला होता.

आबांनी विचारलं, "मंग इकता कामून?"

सिस्टरांनी सलवार जराशी वर करून गुडघा दाखवला. त्यावर पट्टा होता. "क्लच दाबवत नाही, बाबा. नाहीतर मी दिली असती का?" त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "जा, घाट उतरून या. टीचर, घाबरत चालवली तर ती कंटाळते."

मी स्टिअरिंगवर बसले, हे शेजारी, आबा मागं. पेडलची रबरं इथंही झिजलेलीच होती, आणि मीटरनं ते कबूलही केलं होतं. गावाबाहेर पडून दौलताबादच्या बाजूला घाट सुरू झाला. पहिल्याच वळणाला मी पाय उचलला, दुसरा गिअर टाकला आणि गाडी अशी वळली की जणू रस्ता तिला पाठ होता. ती छोटी होती, हलकी होती, आणि जेवढं सांगावं तेवढंच ऐकायची, पण लगेच ऐकायची. या घाटातून मी चौदा वर्षं पाय आवरून गेले होते. आता माझे पाय कुणाच्या वाटेत नव्हते.

"सावकाश," हे वरचा दांडा धरून म्हणाले.

"चाळीसवर आहे."

"मग एवढं का वाटतंय?"

मागून आबांचा आवाज आला, "चालू दे. वारं बरं लागतंय." मागची डावी काच त्यांनी खाली केली होती आणि आता ती हातानं ओढल्याशिवाय वर येणार नव्हती.

परत आल्यावर सिस्टरांनी किंमत सांगितली. ती आमच्या हिशेबात बसत होती. हे घासाघीस करायला जरा पुढं सरसावले. सिस्टर म्हणाल्या, "भाव एकच आहे. घासाघीस करायची असेल तर चहा मिळणार नाही." आबा हसले. आम्ही चहा घेतला.

गाडी सोसायटीत आली तेव्हा लोक गॅलरीत आले. "रंग बदलून घेणार असाल ना?" शेजाऱ्यांनी आपुलकीनं विचारलं. शाळेत मुख्याध्यापकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि "असो" म्हणाले. विज्ञानाच्या सरांनी मात्र मागच्या सीटवर बसून बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते उस्मानपुऱ्याच्या चौकात माझी वाट बघत उभे राहायला लागले. पेट्रोल महाग झालंय, असं ते रोज घाटात सांगतात.

आबांचा डोळा बरा झाला आणि त्यांना गावी सोडायला आम्ही तिघं पैठण रोडनं निघालो. लांबचा असा हा पहिलाच प्रवास. हे पुढं बसून सांगत होते की भरवशाचं म्हणशील तर अजून काही सांगता येत नाही. बिडकीन मागं पडलं आणि थोड्या वेळानं क्लचवरचा पाय एकदम जमिनीला टेकला. वर काहीच आलं नाही. क्लचची वायर तुटली होती. मी गाडी कडेला घेतली आणि ती आचका देऊन बंद पडली.

यांनी आनंद होऊ द्यायचा नाही असा प्रयत्न केला, पण चेहरा ऐकेना. "मी म्हणत होतो," ते म्हणाले. मग मात्र आजूबाजूला बघून त्यांचाही चेहरा पडला. भर दुपार होती, जवळ गॅरेज नव्हतं, आबांना ऊन लागून चालणार नव्हतं. दहा मिनिटांत पाच-सहा माणसं जमली. एक म्हणाला टो करा, एक म्हणाला बॅटरी गेली, एकानं बॉनेट उघडून रेडिएटरकडं दुःखानं बघितलं. मी सिस्टरांना फोन लावला.

"वायर तुटली?" सिस्टर म्हणाल्या. "मग त्यात काय. पहिल्यात टाका, किल्ली फिरवा. उडी मारेल, मारू द्या. चालायला लागली की पाय उचलून दुसऱ्यात टाका, आवाज ऐकून. मग पैठणपर्यंत थांबायचं नाही बस. थांबलात तर परत उडी."

मी यांना आत बसायला सांगितलं. गिअर पहिल्यात टाकला आणि किल्ली फिरवली. गाडीनं बकऱ्यासारखी उडी घेतली, दुसरी घेतली आणि सुरू झाली. जमलेली माणसं दोन्हीकडं पांगली. इंजिनाचा आवाज वाढत गेला, जड झाला, मी पाय उचलला आणि दांडा ओढला. दुसरा पडला. खरखर नाही, काही नाही.

पुढं रस्त्यात दोन गावं लागली. पहिल्या गावात गतिरोधक होता आणि त्यावर एक म्हैस. "म्हैस," हे म्हणाले. "दिसतीय," मी म्हणाले, "पण थांबता येत नाही." तेव्हा आमच्या यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. सरकारी कचेरीत आवाज न चढवता नोकरी केलेला हा माणूस कंबरेपर्यंत खिडकीबाहेर गेला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "बाजूला व्हा, क्लच नाही, क्लच नाही." लोकांना काही कळलं नसावं, पण पोपटी गाडी आणि बाहेर लोंबणारा माणूस बघून रस्ता मोकळा झाला. म्हैसही गेली. दुसऱ्या गावात हे न सांगताच बाहेर गेले. मागून आबा मेंढरं हाकताना काढायचे तसला आवाज काढत होते. आमच्या गावाचा फाटा मागं गेला तेव्हा त्यांनी फाट्यावरच्या लोकांना हात केला. उतरायचं नावही काढलं नाही.

पैठणला गॅरेजवाल्यानं गाडी दारात येऊन आचका देऊन बंद पडलेली बघितली. खाली वाकून वायर बघितली आणि यांना विचारलं, "बिनक्लचची कुठून आणली हो?"

"बिडकीनच्या पुढून."

"तुम्ही आणली?"

यांचे केस वाऱ्यानं उभे राहिले होते आणि आवाज बसला होता. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "यांनी. मला गाडी येत नाही."

गॅरेजवाला माझ्याकडं बघून "बरं" म्हणाला आणि वायर शोधायला आत गेला. अर्ध्या तासात नवी वायर पडली. तोवर आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला. आबा टपरीवाल्याला सगळी हकिगत सांगत होते आणि त्यांच्या सांगण्यात म्हशी तीन झाल्या होत्या. चहा संपल्यावर यांनी मला विचारलं, "तो ड्रायव्हिंग स्कूलवाला अजून शिकवतो का?"